भंगाराचा काटा

बाप भंगार घ्यायचा, मीही घेतो.
लिपात काइनला, नदीच्या वळणावर
आमचा पत्रा, आमचा काटा
आणि वजनांवर निजणारी मांजर.

त्या वर्षी जंगलातून रूळ येत होते.
माणसं करवतीने कापून आणायची,
चिकाने बरबटलेल्या बोटांनी नोटा मोजायची.
खोटं कशाला बोलू,
तुकड्यामागे अर्धा किलो मी मारायचोच.
बाप म्हणे, लोखंड कुणाचं ते विचारू नये.
जपान्यांनी आणलं, त्याआधी डचांचं होतं,
जावातल्या कुठल्याशा उसाच्या फाट्यावरून उपटलेलं.
लोखंडाला गाव नसतं, भाव असतो.

वागिमिन आला तो रिकाम्या हातांनी.
रबराच्या मळ्याकडेला एकटाच राहायचा,
आमच्या बोलीत बोलताना अजूनही जावाचा हेल.
वागेच्या बाजारी जन्मला म्हणून वागिमिन.
त्यांच्याकडे बाजाराचा आठवडा पाच दिवसांचा,
त्यातला चौथा वागे.

बसला. चहा घेतला. मी विचारलं नव्हतं, तरी म्हणाला:
"सतरा वर्षांचा होतो. गावच्या मुखियाने सांगितलं,
दोन महिने काम, रोज भात, मग मोटार शिकवतील.
आईने निघताना मीठ बांधून दिलं,
ते बोटीतच संपलं.

इथे आलो तेव्हा दिवस मोजत होतो,
लगी, पाहिंग, पोन, वागे, क्लिवोन,
लगी, पाहिंग, पोन...
मग ताप आला, आणि कुठल्या बाजारी उठलो
ते आजतागायत कळलेलं नाही.

कपडे रबराच्या पातळ पत्र्याचे.
उन्हात वितळून अंगाला चिकटायचे,
काढताना कातडी घेऊन निघायचे.
हजेरी त्यांच्या आकड्यांत: इचि, नि, सान, शि.
मी रांगेत चौथा. शि.
मागाहून कुणी सांगितलं,
त्यांच्यात मरणालाही हाच शब्द.
मी मात्र हसून ओरडायचो, शि!
ओरडलं की भात मिळायचा.

शेवटचा खिळा बसला त्याच दिवशी लढाई संपली होती.
आम्हाला कोण सांगणार?
पुढे एकदा पहारेकरी ओंजळीत तोंड घालून रडताना दिसला.
वाटलं, काम संपलं म्हणून रडतोय."

चहा निवला होता. त्याने तो तसाच प्यायला.

"गोऱ्या कैद्यांच्या थडग्यांवर क्रूस होते, नावं होती.
नंतर हाडंसुद्धा पेट्यांतून जकार्त्याला गेली.
चांगलं झालं. त्यांच्यातला एक मला कुनैन द्यायचा,
अर्धी गोळी, दाताने तोडून.
आमची यादीच नव्हती रे.
यादी नाही तर परत काय पाठवायचं?"

मग उठला. मशिदीत शिरावं तशा चपला बाहेर काढल्या
आणि काट्यावर चढला.
"बघ."
अडतीस किलो.
"या रुळाचं मीटरला किती?"
पंचवीस, मी म्हटलं.
त्याने बोटांवर हिशेब केला, ओठ हलवत,
शाळेत न गेलेला माणूस करतो तसा.
"म्हणजे दीड मीटर,
आणि वर थोडंसं.
ते थोडंसं चहाचं धर."

मांजर उठून दुसरीकडे गेली.
तो उतरला, चपला घातल्या, भाव विचारला नाही.

त्या दिवशी मी काट्यात मारलं नाही.
दुसऱ्या दिवशी मारलं.

रूळ संपले. बाप गेला. वागिमिनही गेला,
कुठल्या बाजारी ते मी लिहून ठेवलं:
पोन.
एक दिवस आधीच.

मागच्या अंगणात दीड मीटरचा एक तुकडा पडून आहे.
मोठेपणा नाही त्यात,
गिऱ्हाईक आलं नाही म्हणून सांगतो.
परवा एक आला होता, भाव बरा देत होता.
म्हटलं, वजन करायचं राहिलंय.