एकतिसावा मजला

सॅल्फर्डला, नदीच्या वळणावर
इमारत सव्विसाव्या मजल्यावर थांबली.
बँकेने हात वर केले त्या गुरुवारी
काँक्रीटचा ट्रक फाटकातूनच परतला,
पोटातलं ढवळत.

माझा फ्लॅट एकतिसाव्यावर.
म्हणजे अजून नुसती हवा.
जिचे दहा टक्के मी भरलेत, अशी हवा.

रखवालदार क्वाबेना ओळखतो आता मला.
"तुमच्या स्वयंपाकघरातून सीगल गेला सकाळी,"
म्हणतो, अगदी गंभीरपणे.
त्याचाही दोन महिन्यांचा पगार थकलाय.

क्रेन मोकळी सोडलीय,
वारा वळवेल तिकडे वळते.
रात्री तिच्या टोकाचा लाल दिवा लागतो
बरोबर माझ्या उंचीवर.

त्याचं वीजबिल कोण भरतं,
मी विचारलेलं नाही.