ओलं की सुकं

कॉलेजनं टॅबलेट दिला सही घेऊन,
पाठीवर पांढऱ्या रंगात आकडा : एकोणीस.
सोबत एक फॉर्म,
'वर्गात तंत्रज्ञान कसे वापरले? पन्नास शब्दांत लिहा.'

केटाच्या या चिंचोळ्या पट्टीवर
शाळेच्या एका कुशीला समुद्र, दुसऱ्या कुशीला लगून.
तिसरीत त्रेपन्न मुलं, सव्वीस बाकं,
आणि हरमाटनची धूळ,
हजेरीत नाव नसून रोज वेळेवर येणारी.

मॅडम अक्पेने इथं एकवीस वर्षं शिकवताहेत.
मासळी पारखावी तसा त्यांनी टॅबलेट
उलटापालटा करून पाहिला, म्हणाल्या,
"एसिनाम, हा रडायला लागला तर गप्प कोण करणार?"

मी सगळं घोकून आले होते.
धाकट्या भावाला विद्यार्थी करून, आरशासमोर,
कुठं बोट ठेवायचं, कुठं हसायचं.
तरी पहिल्या दिवशी आवाजच फुटेना,
दुसऱ्या दिवशी हत्तीचं चित्र कमरेपर्यंत येऊन अडकलं.
एलिकेमनं विचारलं, "मिस, पाय कुणी विकत नेले?"
त्या दिवशी सगळ्यात चांगलं शिकवलं ते त्यानंच.

तिसऱ्या दिवशी पाठाचं चित्रीकरण.
खडूच्या डब्यांना टेकवून ठेवला टॅबलेट.
"एका पोत्यात बारा मापं मीठ.
तीन पोत्यांत किती?"
याय्राचा हात. छत्तीस. टाळ्या.
मी छत्तीसभोवती गोल काढला
आणि पुढच्या गणिताकडे वळले.

रात्री घरमालकिणीच्या ओसरीवर
पडद्यात पाहिलं स्वतःला.
ही कोण बाई?
प्रश्न टाकते आणि लगेच धावते उत्तरामागे,
जणू अक्रेची शेवटची गाडी सुटते आहे.
मोजलं मी : दीड सेकंद.
पुन्हा मागे नेऊन मोजलं : दीडच.

तेव्हा ऐकू आलं काहीतरी.
आवाज वाढवला, कान लावला काचेला.
खिडकीजवळ जिग्बोर्दी, मीठवालीची मुलगी,
जिच्या नावाचा अर्थच धीर,
आणि जी दोन महिन्यांत माझ्याशी चकार शब्द बोललेली नाही,
बाकाकडे बघत, आमच्या एवेत, पुटपुटते :
"मीठ ओलं की सुकं?"
त्यावर माझ्या टाळ्या.

मला कळायला हवं होतं.
माझी आत्या अनलोगाला मीठ ओढायची.
ओलं पोतं रात्रभर ठिबकतं,
सकाळी माप-दीड माप कमी भरतं,
आणि त्या दीड मापापायी
बाजारात मैत्रिणी वर्षभर अबोला धरतात.
छत्तीस ते पुस्तकातलं मीठ,
ज्याला कधी पाणी सुटलेलंच नाही.

चित्रीकरण थांबवायला मी विसरले होते.
घंटेनंतरचा वर्ग पुढे चालूच :
रिकामी बाकं, कुणाची तरी चप्पल,
बाहेर मॅडम अक्पेने कुणालातरी ओरडताहेत.
मग दारातून जिग्बोर्दी आली एकटीच,
टाचा उंचावून फळ्यापाशी उभी राहिली,
आणि छत्तीसच्या पोटाखाली
खडूनं एक थेंब काढला.
इवला. नीट गोलसर.
पुसू की नको असा विचार करत राहिली थोडा वेळ,
मग गेली.

तो थेंब मीच पुसला होता आज सकाळी,
तारीख लिहिण्यासाठी जागा करताना,
न बघता.

फॉर्म कोराच आहे अजून.
पन्नास शब्द सापडतात, पण सगळे मॅडमसारखे
कपाळाला आठ्या घालून उभे राहतात.

उद्या पोत्याचं गणित पुन्हा घालणार आहे.
प्रश्न विचारीन आणि मागे वळून
समुद्राच्या लाटा मोजीन, एक, दोन, तीन...
याय्राचा हात वर जाईल, जाऊ दे.
चार. पाच.
आणि जिग्बोर्दी कदाचित काहीच म्हणणार नाही.
सहा.