उत्तर माझं नव्हतं

कुइवास्तुच्या धक्क्यावर जूनमधली रात्र
नावापुरतीच येते.
तीन वाजता आभाळ पातळ ताकासारखं,
शेवटची फेरी दोरांना टेकून झोपलेली,
आणि राखण करायला मला
गाड्यांच्या सात रिकाम्या रांगा,
एक हीटर, एक कुणाचंच नसलेलं कुत्रं.

म्हणून प्रश्न.
कुताइसीला ग्वांत्सा औषधाचं दुकान रात्रभर उघडं ठेवते.
पुंता अरेनासला एदुविहेस, टेलिफोन खात्यातून निवृत्त,
तिथे आत्ता रात्रीचे नऊ, आणि काचेवर बर्फ.
तिघांचं इंग्रजी तीन वेगळ्या जागी मोडतं.
एदुविहेस सवयीने प्रश्नचिन्ह आधी उलटं काढते,
मग सुलटं,
म्हणजे प्रश्न दोन्ही बाजूंनी धरून देते
गरम पातेल्यासारखा.

ज्याने ओळखलं त्याने पुढचं विचारायचं.
शोधायचं नाही. डोक्यात असेल तेवढंच.
पंच कोणी नाही.

कोणत्या देशाचा झेंडा चौकोनी नाही?
नेपाळ.
कोणती नदी विषुववृत्त दोनदा ओलांडते?
काँगो. हे माझं अगदी स्वकष्टाचं,
भूगोलाच्या बाई नकाशावर बोट फिरवताना
दोनदा बोटाला थुंकी लावायच्या, म्हणून राहिलेलं.
कुठल्या ग्रहाचा दिवस त्याच्या वर्षाहून मोठा?
शुक्र, ग्वांत्सा म्हणाली,
आणि माझी रात्रपाळी.

मग एदुविहेसने विचारलं,
कोणत्या समुद्राला किनारा नाही?

मी बेटावरचा माणूस.
माझ्या घराच्या तीन दारांपैकी दोन किनाऱ्याकडे उघडतात.
किनारा नसलेलं पाणी मला सुचेचना.
ग्वांत्सा, जी भूगोलात कधी चुकत नाही,
ती गप्प होती.
कुत्र्याने जांभई दिली.
अंगठा आपोआप गेला
तिकडे, जिथे सगळंच लिहिलेलं असतं.
सार्गासो, मी पाठवलं. चार सेकंद.

तिकडून बराच वेळ काही नाही.
मग: बरोबर.
मग: हा बेलार्मिनोचा प्रश्न होता.
जहाजाच्या इंजिनघरातून तो घरी आणायचा
ग्रीसचा वास आणि एखादा प्रश्न.
हा शेवटचा. उत्तर सांगून गेला,
पण म्हणाला, कोणी ओळखेपर्यंत माझाच.
अकरा वर्षं मी तो कुणालाच विचारला नव्हता.
आज का विचारला, माहीत नाही.
आता तुझी पाळी.

पाळी माझी होती, तोंड नव्हतं.
कुणाच्या घरी जेवायला जावं,
निघताना खिशात त्यांचा चमचा सापडावा,
तसा तो समुद्र माझ्याकडे.
परत द्यायचा कसा?
कळलेलं न कळलेलं करायला
कुठलंच बटण नाही.

मी लिहिलं, तूच विचार, मला सुचत नाही.
तिने विचारलं, ऑक्टोपसला हृदयं किती?
तीन. पोराटोरांनाही ठाऊक.
मी लिहिलं, दोन.

चूक, ती म्हणाली.
पण तुमचं पाणी अळणी,
तिथे ऑक्टोपस जगत नाही, तुला कुठून ठाऊक असणार.
आणि थोड्या वेळाने:
हेइगो, तीस वर्षं मी तारेवर
लोकांचं थांबणं ऐकलंय.
चार सेकंदांत कुणाला समुद्र आठवत नाही.

हीटर टिकटिकत होता.
खाडीपलीकडे विर्त्सूचे दिवे
उजेडातच विझले, उगाच लावल्यासारखे.
माफी मी तीनदा लिहिली, तीनदा पुसली.
तिला तिकडे फक्त दिसत असणार
की कोणीतरी लिहितंय.

उत्तर चुकलं, म्हणजे पाळी माझ्याकडेच,
तिनेच शेवटी लिहिलं.
आणि आधी उलटं, मग सुलटं चिन्ह:
कोणत्या समुद्राला किनारा नाही?

कुत्रं उठून पहिल्या रांगेत जाऊन बसलं,
जसं त्यालाच पलीकडे जायचंय.
माहीत नाही, मी लिहिलं.

मलाही, ग्वांत्सा म्हणाली.
थांबा, गिऱ्हाईक आलंय.