तिसरा शनिवार

खात्याकडून चिठ्ठी येते : कार्यक्रम घ्या.
कसला, ते लिहिलेलं नसतं.
मी किल्ल्या घेतो, केरसुणी घेतो,
वटवाघळांना सांगतो,
आज जरा सांभाळून घ्या, पाहुणे आहेत.

खानापूरच्या पुढे, जिथे रस्ता डांबर विसरतो,
तिथलं हे देऊळ. आत देव नाही.
तो कधी गेला, हे तीन जण तीन तऱ्हेनं सांगतात
आणि तिघंही आपापल्या भाषेत खरे असतात.
मी, इराप्पा तळवार, रोजंदारीवर,
नसलेल्या देवाची राखण करतो.

पहिल्या वर्षी आले
दोन मास्तर, एक कुत्रं,
आणि साऊंडवाला दस्तगीर, ज्याला यावंच लागतं.

दुसऱ्या वर्षी बॅनरवरून भांडण.
मराठी वर की कन्नड वर,
अक्षरं एका मापाची की बोटभर कमी.
शहाणीसुरती माणसं दोरा लावून अक्षरं मोजत होती.
शेवटी दोन बॅनर आले, दोन खांबांना,
आणि वाऱ्यानं रात्रभर
दोघांना फुगवून एकमेकांवर आपटलं.
सकाळी मी दोन्हींची एकच घडी घातली.
आता त्यांच्यावर आमच्या घरी मिरच्या वाळतात,
अक्षरं खाली, मिरच्या वर.

तेव्हापासून बॅनर नाही.
सुरेखा गाणिगेर पायरीवर खडूनं घड्याळ काढते,
लहान काटा पाचावर.
ते सगळ्यांना वाचता येतं.

मग माणसं येऊ लागली. चिरमुऱ्यांसाठी का होईना.
एकदा मास्तरांनी म्हाताऱ्यांना माईक दिला :
सांगा, या देवळात पूर्वी काय व्हायचं?
कुणी म्हणालं भजन, कुणी म्हणालं न्यायनिवाडा,
फोंडू गुरव उठला, माईक उलटा धरून म्हणाला,
"हितं माझी म्हस व्याली बघा, ह्याच खांबाजवळ.
रात्र सगळी पाऊस. रेडकू झालं."
सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच.
मास्तरांनी वहीत मथळा घातला : मौखिक इतिहास.
खाली : म्हैस.

आणि गेल्या खेपेला धारवाडहून ती पोरगी आली,
अन्नपूर्णा, पाठीवर कागदाची गुंडाळी.
दाराजवळच्या दगडावर कागद चिकटवला,
पोरांच्या हाती कोळसा दिला, घासा म्हणाली.
ज्या दगडाला टेकून मी बारा वर्षं विडी ओढली
तो काळ्यातून पांढरा बोलायला लागला.

तिनं आधी जुन्या कन्नडमध्ये वाचलं, कुणालाच कळलं नाही.
मग आजच्या कन्नडमध्ये, अर्ध्यांना कळलं.
मग मोडक्या मराठीत,
ती मात्र सगळ्यांनी मिळून सावरली.
दिव्यासाठी, दर गाणामागे, एक सोल्लगे तेल.
गाण, ती म्हणाली.
घाणा, आम्ही म्हणालो.
तेवढं भाषांतर कुणाला लागलं नाही.
सोल्लगे म्हणजे किती,
यावर मात्र पाऊण तास गेला.
कुणी पळी म्हणालं, कुणी चिपटं,
दस्तगीर म्हणाला, सूर्य आहे तोवर माईक बंद करतो.

सुरेखा काही बोलली नाही.
तिच्या सासऱ्याचा घाणा परसात उलथा पडलाय,
त्यात आता कोंबडी अंडी घालते.
बोटांवर ती काहीतरी मोजत होती,
किती वर्षं, किती घाणे, किती उधारी,
बोटं पुरेनात तशी पदराच्या गाठी मोजू लागली.

आज तिसरा शनिवार.
ती सगळ्यांच्या आधी आली.
दुकानातली तेलाची पिशवी, कोपरा दातानं फाडलेला,
आणि एक पणती.

दारातल्या निळ्या पाटीवर लिहिलंय, आत दिवा लावू नये.
ती पाटी दरवर्षी मीच रंगवतो.
म्हणून मी खाली उतरलो, चटया मोजायला.
चटया अकराच आहेत.
तरी मला बराच वेळ लागला.

रात्री फॉर्म भरला.
उपस्थिती : त्रेपन्न, पोरं धरून.
गैरप्रकार : नाही.
शेरा : दगडाजवळ तेलाचा डाग आढळला.
पुसतो आहे.
जात नाही.