परिच्छेद ४.१७

संसदेची समिती आली तेव्हा खानापूरच्या विश्रामगृहात
कप कमी पडले.
शेजारच्या शाळेतून मी एकवीस आणले, वहीत सही करून.
खासदार नऊच. बाकीचे त्यांच्या फायली धरणारे.

मष्णू देवलतकर, निवृत्त गेटमन,
यानं भुयारी मार्गाचा अर्ज दिला मराठीत.
'कन्नड प्रत?' एका साहेबांनी विचारलं.
'इंग्रजी?' दुसऱ्यांनी.
मष्णू म्हणाला, 'फाटक तिन्ही भाषांत बंदच असतंय की, सर.'

सगळे हसले. एक बाई हसल्या नाहीत.
म्हणाल्या, किती वेळ?
मग पिशवीतून निघाली बियाणं-कंपनीची डायरी,
सात वर्षं एकाच डायरीत, मुंगीच्या अक्षरात:
मालगाडी, बावीस मिनिटं. लोंढ्याकडची, चौदा.
खनिजाची, एकतीस, आणि पुढं नुसतं
'दुधाचे कॅन उन्हात'.
बाई पानं उलटत राहिल्या. त्यांचा चहा गार झाला,
साय धरली.

अहवाल आला दिवाळी उलटल्यावर.
परिच्छेद ४.१७. समितीची शिफारस.
मंत्रालय म्हणालं, नोंद घेतली.
वर्षानं समिती म्हणाली,
हे उत्तर समितीला मान्य नाही.
छापील. दीड ओळ.
मष्णूनं ती मला तीनदा वाचायला लावली,
पेन्सिलीला टोक केलं
आणि घड्याळ बघत फाटकाकडं गेला.

फाटक आहे तिथंच आहे.
शाळेला वीस कप परत गेले होते.
मुख्याध्यापिका दर सोमवारी बाजारात भेटतात,
रागावत नाहीत,
भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतात
आणि विचारतात, एकविसावा?