वक्ता क्रमांक चारशे सात

आमच्या घरात शांत जागा एकच होती,
कापसाची खोली.
गाडी यायची होती, माल आढ्याला टेकलेला.
त्यात पाठ रुतवून बसलं की
पिठाची चक्की, कुत्री, सासूचा खोकला,
सगळं शेजारच्या गावचं होऊन जायचं.

वाक्यामागे तीन रुपये.
फोनवर वाक्य उमटायचं, मी म्हणायची.
"माझ्या खात्यातील शिल्लक किती आहे?"
"नागपूरहून सुटणाऱ्या विमानाला किती उशीर आहे?"
विमान मी पाहिलेलं ते आभाळातच,
करंगळीच्या पेराएवढं.
तरी उशिराची काळजी अशी आणली आवाजात
की लगेच हिरवी खूण आली: योग्य.
'अधिकोष' म्हणजे काय ते मला आजही विचारू नका,
त्याचेही तीन रुपये आलेच.

मग म्हणाले, आता तुमच्या बोलीत.
मग काय, मी सुटलेच.
"काहून वं, आज डब्बा नाही नेला?"
"थ्या बकरीले कोनं सोडलं?"
"झाली उलंगवाडी, आता कायचं राखण."
केसांत कापूस, मानेला खाज,
अन् आठशे बारा वाक्यं.

दोन वर्षांनी प्रज्योत फोन घेऊन आला,
"मामी, हे आता आपल्यासारखं बोलते."
ओट्यावर पाच-सहा जण जमले.
कोणी जोंधळ्याच्या चिकट्याचं विचारलं, कोणी दाखल्याचं.
सगळं नीट सांगितलं त्यानं, आगाऊपणा न करता.
कौतिकामावशीनं फोन तोंडाजवळ धरला,
जसा कोणाच्या कानाला लागावं,
अन् एवढंच म्हणाली,
"आमच्या नामदेवची उलंगवाडी झाली, बाप्पा."

फोन थोडा थांबला.
"मावशी, नामदेव तुमचे कोण होते?"

मावशीनं फोन खाली ठेवला, तवा ठेवावा तसा.
"होते म्हणे थो.
मी त् मेला म्हणून सांगतलंच नाही."

प्रज्योत म्हणाला, अक्कल हाय त्याले.
ढाबर्डे सर म्हणाले, अक्कल कायची, अदमास आहे.
लाखो माणसांचं बोलणं चाळून काढलेला अदमास.
मावशी म्हणाली, "अदमासच त् हाय सारा, सर.
गाठोडं उचललं का मीबी अदमासच सांगतो,
बावीस किलो म्हटलं त् बावीसच भरते.
पन खांदा माहा दुखते."

सर हसले, जिंकल्यासारखे.
मला मात्र वेचणीच्या दिवसांतला काटा आठवला.
त्याचा खांदा कधीच दुखत नाही,
तरी वजनावरून भांडण झालं
की आपण मावशीला खोटं पाडतो, काट्याला नाही.

मला कोणी विचारलं नाही. बरंच झालं.
त्या 'होते'मध्ये माझं काही होतं का,
एखादा श्वास, ओळीच्या शेवटी पडलेला आवाज,
हे मी कसं सांगू?
अन् ज्या खोलीत मी अधिकोष म्हणत होते
तिथे समजणारं नेमकं कोण बसलं होतं?
मी, की तिकडची हिरवी खूण,
की कापूस, जो सगळं ऐकून घेतो
अन् परत काहीच देत नाही?

एक गोष्ट तेव्हा ओट्यावर सांगायची राहिली.
रोज सुरुवातीला फोन म्हणायचा,
"आता दहा सेकंद काही बोलू नका."
खोलीचा आवाज हवा असायचा त्यांना, बोलण्यातून वजा करायला.
त्याचे पैसे नव्हते.
त्या दहा सेकंदांत पाल चुकचुकायची.
भाजीत मीठ टाकलं का, आठवायचं नाही.
एकदा बापाचा चेहरा आठवायला गेले
तर कपाळ आठवलं, डोळे आठवले,
हनुवटी काही केल्या येईना.
तेव्हा मी रडले.
आवाज होऊ दिला नाही, पदर तोंडात धरला.

दहा सेकंद झाले.
हिरवी खूण आली: योग्य.