टीप

तिबिलिसी, जुलै. गळ्यापर्यंत बटणं लावून
मी गंधकाच्या हमामात शिरते.
सात महिन्यांत सोळा स्कार्फ जमलेत माझ्याकडे,
एक तर लोकरीचा, या उन्हात.
दुकानदारीण म्हणाली होती, तुला हौस भारी.

हौस.

गळ्याच्या खळीपाशी सुरू होते ती रेघ,
बेंबीच्या दिशेने निघते आणि वाटेतच थांबते.
मध्ये एके ठिकाणी जाड, जांभळट.
तेमुर दिवा मालवून मग जवळ येतो.
नाही, दिवा मीच मालवते. त्याला उगीच बोल नको.

आत वाफ, उकडल्या अंड्याचा वास.
घुमटाला एक भोक, त्यातून पडलेला उजेड
नेमका दगडी कट्ट्यावर, जिथे आडवं व्हायचं असतं.
मी टॉवेल छातीशी धरून बसते,
अनोळखी घरात पाहुणीने पर्स धरावी तसा.

त्सियाला येते. साठी उलटलेली, दंड पैलवानाचे,
हातात खरखरीत पिशवी.
"अंघोळ टॉवेलला घालू, की तुला?"

मी टॉवेल सोडते.

ती बघते. नजर चोरत नाही,
डोळ्यांत पाणीही आणत नाही
(लोकांना ते फार आवडतं).
वाकते, ओल्या अंगठ्याने वरून खाली चाचपते,
गिऱ्हाइकाने आणलेलं कापड पारखावं तशी.
"सत्तावीस वर्षं कुताइसीच्या शिवणकारखान्यात होते.
कोटांना अस्तर लावायचे.
इथपर्यंत हात चांगला आहे. आणि इथे, हे बघ,
इथे दोरा बदलला त्याने. किंवा माणूस बदलला.
उभं राहून राहून कंबर मोडली असेल बिचाऱ्याची."

सात महिन्यांत मी त्या माणसाच्या कंबरेचा
एकदाही विचार केला नव्हता.

मग ती घासते. दंड, पाठ, पोटऱ्या,
रेघेच्या कडेकडेनेही, न बिचकता.
करड्या शेवया निघतात कातडीच्या.
"हे सगळं तुझंच गं," म्हणते, आणि बादली ओतते.

रेघ जागच्या जागी.
कुठेतरी मला वाटलं होतं, जाईल. वेडी मी.

बाहेर वारा सुटलेला. केस ओले होते
म्हणून स्कार्फ डोक्याला बांधला.
वरची दोन बटणं उकडत होतं म्हणून उघडी राहिली.
पुलावर एक पोरगा आइस्क्रीम चाटायचं विसरून
माझ्याकडे बघत राहिला, आणि ते त्याच्या कोपरापर्यंत ओघळलं.
चाट आधी, म्हटलं.

रात्री तेमुरचा हात दिव्याकडे गेला. सवयीने.
राहू दे, एक दाखवायचंय.
इथे बघ.
इथे माणूस बदलला.